साक्ष ताऱ्यांची की वायूची?

बदलापूरच्या पुढे वांगणी परिसरात हौशी खगोलप्रेमी वर्षानुवर्षे आकाशदर्शनाच्या रात्री जागवीत आले आहेत. उल्हासनगर-अंबरनाथच्या दिव्यांच्या झगमगाटात हरवलेली आकाशगंगा तिथे एप्रिल-मेच्या उत्तररात्री धनू राशीजवळ दाट होत जाते. त्याच दिशेला, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवर आहे. ते दिसत नाही. पण त्याचे वजन ठाऊक आहे. एस-२ हा तारा त्याभोवती १६ वर्षांत एक फेरी घालतो. मे २०१८ मध्ये तो सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक वेगाने त्याच्याजवळून गेला. अशा ताऱ्यांच्या कक्षांवरून वस्तुमान निघाले सुमारे ४३ लाख सूर्यांइतके, आणि राइनहार्ड गेन्झेल व अँड्रिया गेझ यांना २०२०च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. (२०१४ मध्ये जी-२ हा वायुमेघ जवळून जाताना कृष्णविवराच्या मेजवानीची भाकिते झाली होती. मेजवानी काही झाली नाही.)

दूरच्या दीर्घिकांत मात्र एकेक तारा सुटा दिसत नाही. तिथे एक तर असंख्य ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशावरून वेग काढावा लागतो, नाही तर केंद्राभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीवरून. कन्या राशीतील एम-८७ या दीर्घिकेबाबत या दोन साक्षी परस्परविरुद्ध निघाल्या. २०११ मध्ये ताऱ्यांनी ६६० कोटी सूर्यांचे वस्तुमान सांगितले, २०१३ मध्ये वायूने ३५० कोटी. चूक थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ दुपटीची! २०१९ मध्ये कृष्णविवराच्या छायेचे पहिले चित्र आले आणि त्यावरून निघालेल्या ६५० कोटींच्या आकड्याने कौल ताऱ्यांच्या बाजूने दिला.

वायू असा का फसवतो? तारा केवळ गुरुत्वाकर्षणाला जुमानतो. वायूला मात्र दाब, चुंबकीय क्षेत्र, केंद्रातून सुटणारे झोत असे सगळेच ढकलत असतात. शिवाय आपल्याला वेगाचा फक्त आपल्या दिशेचा भाग मोजता येतो. त्यामुळे तबकडीचा कल किती मानला यावर उत्तर बदलते. अर्थात एका दीर्घिकेवरून सर्व वायुमापने फेटाळणे घाईचे ठरेल. नरतुरंगातील सेंटॉरस-ए दीर्घिकेत दोन्ही साक्षी बऱ्यापैकी जुळल्या आहेत.

या वादाचा एक धागा थेट पुणे जिल्ह्यातील खोडदला पोचतो. तेथील जीएमआरटी या ३० अँटेनांच्या दुर्बिणीने भारतीय व जपानी शास्त्रज्ञांचा एक गट स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांची नोंद ठेवतो. जून २०२३ मध्ये या गटाने युरोपीय सहकाऱ्यांसह अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीनमधील गटांचे निष्कर्षही त्याच सुमारास आले. एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हा या लहरींचा सर्वांत संभाव्य उगम मानला जातो, आणि लहरींचा जोर पूर्वीच्या अनेक अंदाजांहून अधिक आहे. कृष्णविवरे जितकी जड, तितका हा जोर मोठा. वायूवरून काढलेली वजने खरोखरच कमी भरली असतील, तर या तफावतीचा काही भाग तिथेच दडलेला असू शकतो. तबकड्यांचे कल नव्याने तपासण्याचे काम एम-८७पासून सुरू झाले आहे, आणि खोडदची नोंदवहीही वाढते आहे.