फाटकावरच्या गाभण कुत्रीचा आहार
कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा असून पिल्लांची बहुतेक वाढ शेवटच्या 3 आठवड्यांत होते; त्यामुळे तळवड्यातील कारखान्यांच्या फाटकांपाशी कामगारांच्या डब्यातल्या उरल्यासुरल्या चपाती-भातावर जगणाऱ्या गाभण कुत्रीला प्रथिनांची उणीव भासते ती नेमकी याच काळात. वाढत्या गर्भाशयाचा जठरावर दाब येत असल्याने तिला एका वेळी फारसे खाववत नाही, तेव्हा उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेली बिनमसाल्याची कोंबडी दिवसातून तीन-चारदा थोडी थोडी द्यावी. कांदा-लसणाचा रस्सा मात्र तिच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. मायेपोटी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही घातकच, कारण बाहेरून आयते मिळालेल्या कॅल्शियममुळे हाडांतला साठा मोकळा करण्याची शरीराची यंत्रणा मंदावते आणि पिल्ले दूध ओढू लागताच एक्लॅम्पसिया, म्हणजे रक्तातील कॅल्शियम घटून येणारे जीवघेणे झटके, उद्भवण्याचा धोका वाढतो.