खर्जाचा तिटकारा

बास आवडणे म्हणजे अभिरुचीहीनता, असा एक शिष्ट समज रसिकांत रूढ आहे. तो निराधार आहे. आवाज लहान असताना मानवी कानाला खर्जातले स्वर तुलनेने फार क्षीण ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले. तेव्हा हळू ऐकणाऱ्याने अधिक बास मागणे ही विकृती नव्हे, भरपाई आहे. डग्ग्याचा घुमारा ज्यांना पूज्य, त्यांनी तरी नाक मुरडू नये. मात्र खोक्यावरच्या जाहिरातीलाही भुलू नये. बंद पाठीच्या हेडफोनची गादी कानाभोवती नीट बसली नाही, चष्म्याच्या काडीने फट पडली, की खर्ज तिथूनच निसटतो. मऊ गादी ही चैन नसून खर्जाची पूर्वअट आहे. मोजके पैसे तिच्यावरच खर्चावेत.