जुनी गाळणी मोडण्यापूर्वी

लहान शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातील यंत्रणा जुनी झाली की 'सारे मोडा, नवे बसवा' असे बोलले जाते. माझे मत असे की, मोडण्यापूर्वी मोजावे. 'ट्रिकलिंग फिल्टर' म्हणजे झिरप-गाळणी हेच उदाहरण घेऊ. ही पद्धत इंग्लंडमध्ये १८९३ पासून वापरात आहे.

नाव गाळणीचे असले तरी ही घाण गाळीत नाही. गोल हौदात दीड-दोन मीटर उंचीपर्यंत दगड भरलेले असतात. फिरत्या नळ्या त्यांवर सांडपाणी शिंपडतात. दगडांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो व पाण्यातील सेंद्रिय घाण खातो. त्याला लागणारा प्राणवायू दगडांमधील फटींतून खेळणारी हवा पुरविते.

म्हणजे महत्त्व पृष्ठभागाला आहे. तो किती, हे तुम्हीही काढू शकाल. दगड ६ सेंटिमीटर व्यासाचे गोल आहेत आणि त्यांनी ६० टक्के जागा व्यापली आहे असे धरा. गोलाचे पृष्ठफळ भागिले घनफळ म्हणजे ६ भागिले व्यास. म्हणून एका घनमीटरात ०.६ × ६ ÷ ०.०६ = ६० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. व्यास निम्मा केला तर १२०! मग बारीक खडीच का भरू नये? कारण पोकळी एकूण तेवढीच राहिली तरी प्रत्येक फट अरुंद होते. वाढता थर ती बुजवितो आणि हवा कोंडते. पातळ प्लॅस्टिकच्या पन्हळी ठोकळ्यांनी हा पेच सोडविला आहे. त्यांत घनमीटरला सुमारे १०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळून ९० टक्क्यांहून अधिक जागा मोकळी राहते. हौद तोच ठेवून आतील भरण बदलता येते.

आता नळ्या पाहा. पाणी तोट्यांतून एका बाजूस उडते, नळी उलट बाजूस ढकलली जाते. हा न्यूटनचा तिसरा नियम; फिरण्यासाठी वीज लागत नाही. पण तोट्या तुंबल्या की हौदाचा काही भाग कोरडा पडतो. हौदावर ठिकठिकाणी सारख्या थाळ्या ठेवून त्यांत जमणारे पाणी मोजले, की दोष लगेच कळतो. नळी फार वेगाने फिरणेही चांगले नाही. सावकाश फिरल्यास एका जागी एकदम जास्त पाणी पडून जुना थर धुऊन निघतो. त्यासाठी काही तोट्या उलट दिशेला बसवितात. खर्च किती थोडा!

नव्याला माझा विरोध नाही. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली सक्रिय गाळ पद्धत कमी जागेत उत्तम काम करते. जागा अपुरी असेल, किंवा नायट्रोजनही कडक मर्यादेत आणायचा असेल, तर जुनी गाळणी एकटी पुरी पडणार नाही. परंतु सक्रिय गाळाला रात्रंदिवस हवा पुरवावी लागते. वीज बराच काळ गेली की जिवाणू गुदमरतात. विजेचे बिल भरताना ज्या नगरपालिकेची ओढाताण होते, तिने हे आधीच विचारात घ्यावे.

शिक्षकांनी परवानगी घेऊन विद्यार्थ्यांना असे केंद्र जरूर दाखवावे. तेथे तीन प्रश्न विचारा: पाणी सगळीकडे सारखे पडते का? तळाच्या हवेच्या वाटा मोकळ्या आहेत का? आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याची जैविक प्राणवायू मागणी किती? या उत्तरांवरून दुरुस्ती की नवी यंत्रणा, हे ठरावे. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गावाला हौद जुना की नवा याच्याशी कर्तव्य नसते. आपल्या घाटावर पाणी कसे येते, एवढेच ते पाहते.