अंकल म्हणजे कोण?

‘अंकल म्हणजे काका’ असें आमचे विद्यार्थी पाठ करतात. मग मामानें कोठें जावें? चुलता, मामा, आत्याचे यजमान व मावशीचे यजमान हे चौघेहि इंग्रजींत अंकलच! दीर, मेहुणा व साडू यांचीहि तीच गत.

पण इंग्रजी भाषा मुळापासून अशी नव्हती. प्राचीन इंग्रजींत चुलत्यास ‘फॅडेरा’ व मामास ‘एआम’ असे निरनिराळे शब्द होते. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा शिरकाव झाला, आणि त्यांतील ‘अंकल’ यानें हळूहळू त्या दोहोंची जागा घेतली. मौज ही कीं, तो ज्या ‘अव्हंक्युलस’ या लॅटिन शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ मामा! म्हणजे आमच्या मुलांनीं वहींतून हद्दपार केलेला मामाच त्या शब्दाचा मूळ धनी.

उत्तरपत्रिकेंत अंकल खुशाल लिहावें. अवश्य तेथें ‘मदर्स ब्रदर’ असा खुलासा करावा. परंतु घरीं आलेल्या सख्ख्या मामासहि मुलें ‘अंकल’ म्हणतात व पालक त्याचें कौतुक करतात, हें आम्हांस मुळींच रुचत नाहीं. वर्गांत मात्र ‘अंकल म्हणजे कोण?’ या प्रश्नास ‘कोणता अंकल, गुरुजी?’ असें उलट विचारणारास आम्ही पूर्ण गुण देऊं.