छत्रीवाले काका खरे कसे वाटतील?

आपल्या अंकासाठी मुले गोष्टी लिहितात, तेव्हा त्यांत एखादे विक्षिप्त पात्र हटकून असते. कुणी एका बैठकीत पन्नास पोळ्या खातो, कुणी भिंतीवर चालतो. माझी त्याला हरकत नाही. पण तो विक्षिप्तपणा वाचणाऱ्याला पटला पाहिजे, आणि त्यासाठी लेखकाने थोडे कष्ट घेतले पाहिजेत, असे माझे मत आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पाहा. कसल्याही संकटातून तो निसटतो, तरी आपल्याला पटतो. कारण तो आकाशातून पडलेला नाही. नाव बनेश, गाव पुण्याजवळचे फुरसुंगी, अंगकाठी किडकिडीत. फुरसुंगी नकाशावर सापडते. एवढी ओळख आधी झाली, की त्याचे धाडस आणि त्याचे ते 'टॉक्' आपण खुशाल मान्य करतो.

पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ति आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातले हरितात्या शिवाजीमहाराजांच्या गोष्टी जणू स्वतः तिथे हजर असल्यासारख्या सांगतात. ते थट्टा करत नाहीत, मनापासून सांगतात, आणि भोवतालची मुले रंगून ऐकतात. त्या मुलांबरोबर आपणही विश्वास ठेवतो.

आता समजा, तुमच्या गोष्टीत शारजात बारा महिने छत्री घेऊन फिरणारे काका आहेत. स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही सवय कुठून आली? काका रत्नागिरीचे, तिथे पावसाळ्यात छत्रीवाचून कुणी उंबरा ओलांडत नाही. तिचा त्यांना त्रास काय? मॉलमध्ये, बसमध्ये ती विसरते, आणि काकू रागावतात. लोक काय म्हणतात? वॉचमन रोज हसतो. मग येतो १६ एप्रिल २०२४ चा पाऊस. त्या वेळी अल ऐनजवळ चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, पंचाहत्तर वर्षांतला विक्रमी. वॉचमनचे हसणे थांबते. पण रस्त्यावर गुडघाभर पाणी, तिथे छत्री काय करणार? इथे काका खरे वाटू लागतात.

आता पालकांना एक विनंती. मुलांच्या गोष्टी घरी तपासताना आपण पात्रांचे बोलणेही 'शुद्ध' करतो. दुबईतली मुलगी आईला सांगते, "ग्रोसरीतून लबान घेऊन येते." आपण ते खोडून "किराणा दुकानातून ताक आणते" करतो. पुलंचा सखाराम गटणे पुस्तकी भाषेत बोलतो. त्याची गंमत वाटते, कारण बाकीचे तसे बोलत नाहीत. आपल्या अंकात मात्र सगळीच पात्रे गटण्यासारखी बोलू लागली आहेत. ऱ्हस्वदीर्घ जरूर सुधारा, निवेदनातली मराठी घासूनपुसून घ्या. पण पात्राच्या तोंडचे शब्द पात्राचेच राहू द्या.

भाषा बिघडेल ही भीती मला समजते. इथे मराठी कानावर पडते तीच मुळी घरात आणि या वर्गात. पण मराठीतली माणसे आपल्या ओळखीची नाहीत, असे एकदा मुलांना वाटले, तर ती मराठीत लिहायचेच सोडून देतील. मला ही भीती जास्त मोठी वाटते.

तेव्हा मुलांनो, पुढच्या अंकासाठी तुमच्या बिल्डिंगमधलाच एखादा वल्ली शोधा. फक्त त्यांचे खरे नाव लिहू नका!