पत्र ठेवलं, पण पाकीट फेकलं!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे. चूकभूल द्यावी घ्यावी. पण आवक क्रमांक म्हणजे काय, ते मात्र मी आमच्या कनेरगाव नाक्याला पक्कं शिकलो. बाबा पीकनुकसानीच्या अर्जाची चौकशी करायला एका ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, "अर्ज मिळालाच नाही." बाबांकडे अर्जाची झेरॉक्स होती, पण तिच्यावर आवकचा शिक्का नव्हता. झालं! भरपाई बुडाली.

कंपन्यांच्या ई-मेलचंही असंच होतं. मेल साठवून ठेवला की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण 'टू' मध्ये नुसतं ग्रुपचं नाव असेल तर? त्या दिवशी ग्रुपमध्ये कोण कोण होतं, हे वर्षानंतर कोण सांगणार? बीसीसीवाले तर मिळालेल्या प्रतीत दिसतच नाहीत.

खरं तर ई-मेललाही पाकीट असतं. सर्व्हर एकमेकांना आधी पाठवणारा आणि घेणारे सांगतात, मग मजकूर देतात. हे पाकीट जपण्यासाठी मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमध्ये 'जर्नलिंग'ची सोय आहे. त्यात एक रिपोर्ट तयार होतो. मूळ मेल त्याला जोडलेला असतो आणि वर पाठवणारा, बीसीसीसकट घेणारे आणि ग्रुपमधलं एकेक नाव लिहिलेलं असतं.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हेच सांगतो. कलम ७ प्रमाणे, कायद्याने जपायची कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवली, तर ती कुठून आली, कुठे गेली, कधी पाठवली वा मिळाली, हे ओळखता येईल असा तपशीलही ठेवावा लागतो.

"मग आमच्या प्रायव्हसीचं काय?" माझा रूममेट विचारतो. प्रश्न बरोबर आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की नोंद जरूर ठेवा, पण कर्मचाऱ्यांना आधी सांगून. ते अर्काइव्ह कोणी, कधी, कशासाठी उघडलं, याचीही नोंद ठेवा. आणि मेल पोचला म्हणजे वाचला, असं धरून कोणाला झोडपू नका!

उद्या आपणही नोकरीला लागू. "मशीनमधला दोष मी साहेबांना कळवला होता" हे सिद्ध करायची वेळ नवख्या ट्रेनीवरच येते. तेव्हा नुसता मजकूर कामाला येणार नाही, पाकीट लागेल.

बाबा आता शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाहीत. आपण तर इंजिनिअर होणार, आपल्याला एवढं कळायलाच हवं!