सीमोल्लंघन पडक्या तटांपर्यंत व्हावे

विजयादशमीस आपण गावाची वेस ओलांडतो, शमीचे पूजन करतो आणि आपट्याची पाने घेऊन घरी परततो. हे सीमोल्लंघन आता बहुधा शंभर पावलांत आटोपते. पूर्वी मात्र पर्जन्यकाळ सरल्यावर दूरच्या वाटेला लागण्याचे ते प्रस्थान असे. म्हणून श्रीतुळजाभवानीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांना एक विनंती करावीशी वाटते. ओटी भरली, कुलाचार झाला, की लगेच परतीची गाडी गाठू नये. धाराशिव जिल्ह्यातील पडके तट आणि प्राचीन देवालये पाहणे हेही यात्रेचेच अंग मानावे.

तुळजापूरच्या आग्नेयेस, सोलापूर-हैदराबाद मार्गावर नळदुर्ग आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, इ.स. १६१३ मध्ये, येथे बोरी नदीस बांध घालून मुख्य किल्ला व रणमंडळ हे दोन्ही जोडले गेले. त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. नदी दुथडी वाहू लागली की 'नर' आणि 'मादी' हे दोन प्रपात महालाच्या पुढ्यातून कोसळतात आणि आत उभा असलेला मनुष्य कोरडाच राहतो.

यावर कोणी श्रद्धाळू विचारील, की देवीच्या यात्रेकरूने शाही इमारत कशासाठी पाहावी? त्यास शास्त्राचेच उत्तर आहे. आपल्या धर्मशास्त्राने यज्ञयागादी कर्मांना 'इष्ट' म्हटले आणि विहिरी, तडाग, देवालये, अन्नदान यांना 'पूर्त' म्हटले. इष्टापूर्त ही जोडी आहे. एकाविना दुसरे अपुरे. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या या मुलखात चार शतके नदीचा लोट झेलीत उभी असलेली भिंत पूर्तकर्म नव्हे, तर काय? तहान बांधणाऱ्याचे कुलगोत्र विचारीत नाही.

दुसरे स्थान तेर. तेरणेकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणाबरोबर तगराचे नाव येते. येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. येथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आहे आणि ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. एकाच वास्तूने दोन उपासना पाहिल्या; भाविकाने त्यात संकोच मानू नये. गावातील लामतुरे संग्रहालयही अवश्य पाहावे. तसेच परंडा तालुक्यात डोमगावी कल्याणस्वामींच्या समाधीस जाणाऱ्यांनी परंड्याचा भुईकोट टाळू नये.

परंतु जाण्याइतकेच कसे जावे, हेही महत्त्वाचे आहे. तटावर खिळ्याने नावे कोरणे आणि पत्रावळ्या खंदकात फेकणे यास कोणीही दोषच देईल. अधिक अवघड गोष्ट निराळी आहे. जुन्या शिल्पावर शेंदूर थापणे, कोरीव खांबांस तैलरंग फासणे, झिजलेल्या दगडावर गुळगुळीत फरशी बसविणे, हे सर्व भक्तीच्या नावाने घडते आणि त्यासाठी वर्गणीही गोळा होते. 'जीर्णोद्धार' या शब्दात 'उद्धार' आहे. जीर्णास वर उचलून धरावे, असा त्याचा अर्थ. जीर्णास पुरून वर नवे उभारणे हा त्याचा अर्थ कधीच नव्हता. ज्या मूर्तीची पूजा चालू आहे, तिचे उपचार यथासांग व्हावेत. मात्र भोवतीच्या वास्तूस हात लावण्यापूर्वी जाणत्यांस विचारावे. वर्गणी द्यायचीच असेल, तर ती तटावरचा पिंपळ वेळीच काढण्यासाठी आणि गळते छत सावरण्यासाठी द्यावी.

तेरच्याच गोरोबाकाकांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. संतमेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक तपासले आणि कोणते मडके कच्चे, ते सांगितले. या पडक्या भिंतीही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकास असेच तपासून पाहतात. पूर्वजांनी दिलेले जे आहे, ते तसेच पुढच्या पिढीच्या हाती ठेवील, तो पक्का. यंदा आपट्याचे सोने वाटून झाले, की मुलाबाळांसह एखाद्या तटापर्यंत जावे, तेथे घटकाभर शांत बसावे आणि दगडाचा टवकाही न उडविता परतावे. देवीस ती यात्रा पोहोचेल.